सुवार्ताप्रसार आणि शिष्यत्व : ना. वा. टिळकांच्या ‘देवाच्या दरबारा’चा पुनर्विचार

ख्रिस्ती मंडळींच्या कार्याविषयी लिहिताना ‘सुवार्ताप्रसार’ आणि ‘शिष्यत्व’ ही दोन पदे जोडीने योजण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र त्यांमध्ये एक क्रम गृहीत धरलेला असतो. आधी माणसाला मंडळीत आणावयाचे, आणि तो आत आला म्हणजे मग त्याला शिष्य करावयाचे. हा क्रम मूळ वचनावरून निघतो असे मात्र म्हणता येत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या शेवटी येशूची जी आज्ञा आहे, तिच्या ग्रीक पाठात मुख्य आज्ञार्थी क्रियापद एकच, आणि ते ‘शिष्य करणे’ हे होय. जाणे, बाप्तिस्मा देणे व शिकविणे ही तिन्ही पदे धातुसाधिते असून त्या एका क्रियापदाच्या आश्रयाने उभी आहेत. एकोणिसाव्या शतकातील मिशनांच्या अहवालांत मात्र बाप्तिस्मा हाच मोजमापाचा खुंट झाला. वर्षभरात किती जण मंडळीत आले, हा आकडा देता येतो. किती जण शिष्य झाले, हा देता येत नाही.

या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रात ज्याने आपल्या आयुष्याचे मोल देऊन केला, तो पुरुष म्हणजे नारायण वामन टिळक. त्यांनी १९१७ साली काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाकडे वाङ्मयेतिहासकार कवीचा एक अखेरचा छंद म्हणून पाहतात, आणि मंडळीचे इतिहासकार एक अपुरा राहिलेला प्रयोग म्हणून. प्रस्तुत लेखकास या दोन्ही दृष्टी अपुऱ्या वाटतात.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली अहमदनगर येथे त्यांचे ठाणे झाले. मिशनच्या बोस्टनस्थित मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः सोसावा व स्वतःचा विस्तार स्वतः करावा, हे त्यांचे सूत्र होते. त्यांच्या भेटीनंतर इंग्रजी शाळांवरील भर कमी झाला आणि खेड्यापाड्यांतील लहान मराठी मंडळ्या व एतद्देशीय पाळक यांवर भर आला. म्हणजे, मिशनच्या कार्यपद्धतीवरील टीका बाहेरूनच प्रथम आली असे नव्हे. ती मिशनच्या घरातच, टिळकांच्या जन्मापूर्वी, मांडली गेली होती.

तरीही ते सूत्र कागदावरच का राहिले, हे पाहण्याजोगे आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत नगर जिल्ह्यातील महार व मांग समाजातील अनेक कुटुंबे मिशनच्या आश्रयास आली. अन्न, अनाथाश्रम, शाळा, मास्तराची वा उपदेशकाची नोकरी, हे सारे एकाच दारातून मिळू लागले. ज्या हाताने सुवार्ता आली त्याच हाताने पगारही आला. यात कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. उपाशी माणसाला आधी वचन ऐकवून मग भाकरी देणे हे धर्माला धरून झाले नसते. परंतु परिणाम असा झाला, की मंडळी मिशनची आश्रित बनली आणि मिशनरी हा एकाच वेळी गुरू, धनी व न्यायाधीश ठरला. आश्रिताचे शिष्य होणे अवघड असते. कारण शिष्याला गुरूला प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि आश्रिताला तो परवडत नाही. उत्तर चीनमध्ये काम केलेल्या रोलंड अॅलन या इंग्रज धर्मोपदेशकाने १९१२ साली याच दुखण्यावर बोट ठेवले. पौलाने दहा-बारा वर्षांत चार प्रांतांत मंडळ्या स्थापिल्या व त्या स्थानिकांच्या हाती सोपवून तो पुढे गेला. आमची मिशने मात्र पिढ्यान्‌पिढ्या हलत नाहीत, असा त्याचा आक्षेप होता.

टिळक या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने आले. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे नगर येथे अध्यापन, पौरोहित्य आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन हे त्यांचे कार्य. या सर्व काळात त्यांची धारणा एकच होती, की आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून अभंग, कीर्तन व भजन ही त्यांना प्रचाराची साधने वाटली नाहीत. साधन म्हटले की सांगावयाचे तत्त्व आधीच सिद्ध असून त्याला केवळ देशी वस्त्र चढवावयाचे, असा अर्थ होतो. टिळकांच्या लेखी भक्ती हे शिष्यत्वाचे रूपच होते. संप्रदायात नाव नोंदविल्याने कोणी वारकरी होत नाही; माळ, वारी, नामस्मरण आणि संतसंगती यांतून तो घडतो.

१९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास जाऊन देवाच्या दरबाराचा आरंभ केला. येशूला गुरू मानणाऱ्या कोणासही त्यात स्थान होते, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. येथे सारा क्रमच उलटा झाला. शिष्यत्व आधी, सभासदत्व मागाहून, किंवा कदाचित नाहीच. पुढे दोन वर्षांच्या आतच, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे मुंबईस निधन झाले आणि दरबार विरला.

या उलट क्रमाचा उत्तम दाखला टिळकांच्या घरातच होता. पतीच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे निष्ठेने सांभाळले. पुढे, जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराशी त्या एके दिवशी थबकल्या आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असा निश्चय त्यांनी केला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ही हकीकत परिचित आहेच. ध्यानी घ्यावयाचे ते हे, की हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. त्यांचे शिष्यत्व पाण्याच्या घागरीपाशी सुरू झाले. मंडळीच्या नोंदवहीत ते नंतर उतरले.

येथवरचा युक्तिवाद टिळकांच्या बाजूचा झाला. परंतु याच घागरीपाशी एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. मिशनची नोकरी सोडणाऱ्या टिळकांपाशी विद्या होती, कीर्ती होती, आणि समाजात जातीने दिलेला मान पूर्णपणे पुसला गेलेला नव्हता. ज्या महार-मांग कुटुंबाला गावच्या विहिरीवर जाता येत नव्हते, त्याच्या दृष्टीने मिशनची शाळा आणि मंडळीतील एका पंगतीची जागा हीच सुवार्ता होती. सीमारेषा पुसण्याची भाषा त्याला कितपत मानवावी? रेषेच्या अलीकडे येणे हीच तर त्याची सुटका होती. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी जे टिपण लिहिले (ते त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाले), त्यात मिशनऱ्यांनी आपली शक्ती आधी ब्राह्मणांच्या मागे खर्च केली आणि धर्मांतरितांच्या सामाजिक गाऱ्हाण्यांसाठी लढा उभारला नाही, असा दुहेरी ठपका आहे. हा ठपका मिशनला लागू पडतो तितकाच, थोड्या वेगळ्या रीतीने, दरबारालाही लागू पडतो. नामस्मरणाने घडणाऱ्या शिष्यत्वात विहिरीचा प्रश्न कोठे बसतो, हे दरबाराला सांगता आले असते की नाही, हे ठरण्यापूर्वीच तो संपला.

पुढील काळात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता राहिला. पुढे १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना मिळाला नाही. त्यामुळे बाप्तिस्मा न घेता येशूची भक्ती करणाऱ्यांची गणना आज केवळ भाविकतेच्या खात्यात टाकता येत नाही. तिच्या मागे शिष्यवृत्तीचा व नोकरीचा हिशेबही असू शकतो, आणि तो हिशेब करणाऱ्याला अप्रामाणिक म्हणणे अन्यायाचे होईल. १९७१ च्या सुमारास एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन यांच्यात जो वाद झाला, त्याचा विषय तत्त्वतः हाच होता. ख्रिस्तकेंद्री संगती धर्मसमाजाच्या कुंपणाबाहेर, हिंदू समाजातही नांदू शकेल, असे थॉमस म्हणत. शिष्यांच्या एकत्वाला काही दृश्य रूप असल्यावाचून शिष्यत्व टिकत नाही, असे न्यूबिगिन यांचे उत्तर होते. दरबाराची अल्पायुषी हकीकत न्यूबिगिन यांच्या बाजूने साक्ष देते असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि दोन वर्षांत संस्थापक निवर्तलेल्या संस्थेवरून तत्त्वाचा निकाल लावणे घाईचे ठरेल.

दरबार विरला, पण त्याच्या प्रेरणेने रचलेली व त्यापूर्वीची टिळकांची पदे मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त राहिली. ज्यांना मिशनच्या छायेतून बाहेर काढावे असे टिळकांना वाटे, त्याच नगर जिल्ह्यातील खेड्यांच्या मंडळ्यांनी, प्रामुख्याने महार-मांग ख्रिस्त्यांनी, ती पदे टाळ-मृदंगावर गाऊन जिवंत ठेवली. बाप्तिस्मा न घेतलेल्या भाविकांसाठी मांडलेले शिष्यत्व बाप्तिस्मा घेतलेल्या आश्रितांनी उचलले. गाणाऱ्यांनी त्या पदांत कोणता गुरू पाहिला आणि कोणत्या विहिरीचे पाणी पाहिले, याचा शोध कवीच्या चरित्रापेक्षा त्या मंडळ्यांच्या कीर्तनपरंपरेतच घ्यावयास हवा.