खरेदीखत : नाव, अर्थ आणि मुद्रांक शुल्क

भंडारा जिल्ह्यात घर विकत घेणाऱ्याच्या हाती कालांतराने कागदांची एक चळत जमा होते. इसारपत्र, करारनामा, खरेदीखत, फेरफाराचा उतारा, घरटॅक्सची पावती. व्यवहारात या सर्वांना ‘घराचे कागद’ या एकाच नावाने ओळखले जाते, आणि त्यांपैकी कोणताही एक हाती आला म्हणजे घर आपले झाले अशी समजूत पुष्कळदा आढळते. वस्तुतः यांतील प्रत्येक कागदाचे कार्य निराळे आहे. मुद्रांक शुल्काचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर प्रथम हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

मुद्रांक शुल्क हा घरावरील कर नव्हे. तो दस्तावरील कर होय. ज्या लेखामुळे एखादा हक्क अथवा दायित्व निर्माण होते, हस्तांतरित होते, मर्यादित होते किंवा संपुष्टात येते, त्या लेखावर ते आकारले जाते. उलट घरटॅक्स हा दरवर्षी द्यावयाचा स्थानिक कर आहे, आणि नोंदणी फी हा दस्त सरकारी दप्तरी नोंदविण्याचा आकार आहे. तिन्ही रकमा सरकारात किंवा स्थानिक संस्थेत जमा होतात, एवढेच त्यांचे साम्य. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नाव लागले, याचा अर्थ कर कोणाकडून घ्यावयाचा हे ठरले इतकाच होतो. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

‘मुद्रांक’ हा शब्द आधुनिक राज्यव्यवहारातील असला, तरी ‘मुद्रा’ आणि भूमिलेख यांचा संबंध प्राचीन आहे. राजाने भूमिदान केल्यास ते वस्त्रावर किंवा ताम्रपटावर लिहवून त्यावर आपली मुद्रा उमटवावी, असे याज्ञवल्क्यस्मृतीने सांगितले आहे. तेथे मुद्रा ही सत्यतेची खूण आहे. आजचा मुद्रांक मात्र कर भरल्याची खूण आहे. लेखातील मजकूर खरा असल्याची किंवा विकणारा खरोखर मालक असल्याची ग्वाही तो देत नाही. शब्दाचा जुना अर्थ लोकमानसात टिकून राहिला आणि कायद्यातील अर्थ बदलला, हे अनेक गैरसमजांचे मूळ म्हणता येईल. शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांक कागदावर लिहून घेतले म्हणजे व्यवहार ‘पक्का’ झाला, ही समजूत याच प्रकारची होय.

या विषयीचा मूळ कायदा १९५८ चा मुंबई मुद्रांक अधिनियम. तत्पूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भातील अन्य जिल्ह्यांबरोबर भंडारा मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आलेला होता. २०१२ मध्ये या कायद्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन तेथे ‘महाराष्ट्र’ आले.

या कायद्याचे एक तत्त्व भाषेच्या अभ्यासकास विशेष लक्षणीय वाटेल. लेखाला पक्षकारांनी कोणते नाव दिले यावर शुल्क ठरत नाही. लेखाने काय केले यावर ते ठरते. मथळ्यावर ‘करारनामा’ असे असूनही त्या लेखान्वये खरेदीदारास ताबा दिला असेल, किंवा खरेदीखतापूर्वी ताबा देण्याचे कबूल केले असेल, तर शुल्कापुरता तो लेख खरेदीखतच समजला जातो. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात ही तरतूद आहे, आणि वीणा हसमुख जैन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तिचा अर्थ तसाच लावला. पुढे त्याच करारानुसार खरेदीखत झाले, तर आधी भरलेली रक्कम त्यात वळती करून घेतली जाते. तथापि येथे एक सूक्ष्म भेद राहतोच. असा करार शुल्कासाठी खरेदीखत मानला गेला, म्हणून त्याने मालकी संक्रांत होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे विक्रीचा करार हा स्वतः मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण करीत नाही.

शुल्क कोणत्या रकमेवर, हा पुढील प्रश्न. दस्तात लिहिलेला मोबदला आणि शासनाच्या वार्षिक दर तक्त्यानुसार येणारे बाजारमूल्य, यांपैकी जी रक्कम अधिक तीवर. समजा, मोबदला १८ लक्ष रुपये लिहिला आणि तक्त्यानुसार मूल्य २० लक्ष आले, तर शुल्क २० लक्षांवर द्यावे लागते. म्हणजे दराच्या प्रत्येक एका टक्क्यामागे २,००० रुपयांचा फरक पडतो. म्हणून किंमत कमी लिहून शुल्क वाचविण्याचा प्रयत्न बहुधा निष्फळ ठरतो. दर नगरपरिषदेच्या व ग्रामपंचायतीच्या हद्दीत सारखा नसतो, आणि मूळ दरात स्थानिक संस्थेचा अधिभार मिळवावा लागतो. दर वेळोवेळी बदलतात. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात ते ३ टक्क्यांनी उतरविले होते. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास १ टक्क्याची सूट आहे. अन्यथा ठरले नसल्यास खरेदीखताचे शुल्क खरेदीदाराने द्यावयाचे असते. दस्तावर सही होण्यापूर्वी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढील कामाच्या दिवशी ते भरले गेले पाहिजे. त्यानंतर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढू लागतो.

शुल्क भरल्यानंतर नोंदणीची पायरी येते. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत लेखानेच होऊ शकते, आणि १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये असा लेख चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकापुढे सादर करावा लागतो. शुल्क अपुरे असेल, तर ते दंडासह भरेपर्यंत लेख पुराव्यात घेतला जात नाही. नोंदणीच नसेल, तर मालकी मिळतच नाही. यानंतरही फेरफार घेऊन अधिकार अभिलेखात नाव लागणे शिल्लक राहते.

विकणाऱ्यास विकण्याचा अधिकार होता किंवा नाही, याची खातरजमा मात्र खरेदीदारानेच करावयाची असते. भंडाऱ्यात तिला विशेष महत्त्व आहे. येथील मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्यानंतरच्या मध्यप्रदेशी कायद्याने ‘भूमिस्वामी’ व ‘भूमिधारी’ हे धारक निर्माण केले. आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हस्तांतरणाचे निर्बंध नसलेल्यांना भोगवटादार वर्ग एकमध्ये, निर्बंध असलेल्यांना वर्ग दोनमध्ये घातले. घराखालची जमीन वर्ग दोनची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना केलेला व्यवहार पूर्ण शुल्क भरूनही अडचणीत येतो. सातबाऱ्यावरील ‘वर्ग’ हा लहानसा शब्द म्हणूनच वाचल्याविना सोडू नये.

गोसेखुर्द प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातून उठलेल्या कुटुंबांसारख्या लोकांच्या हाती बहुधा एकदाच मोठी रक्कम येते, आणि तीच घरात गुंतते. अशा घराचा करार अर्धवट ठेवून शुल्क वाचविले, तर विकणारा निधन पावल्यावर किंवा त्याने तेच घर दुसऱ्यास विकल्यावर खरेदीदाराजवळ पैसे दिल्याचा कागद उरतो, घर उरत नाही. सहीपूर्वी तीन वाक्ये दस्तात शोधावीत : हक्क देणारे, ताबा देणारे आणि मोबदला सांगणारे. ती आज काय देतात व काय पुढे देण्याचे वचन देतात, हे क्रियापदांवरून उमगते. ‘दिले आहे’ आणि ‘देऊ’ यांतील अंतरावरच खरेदीखत व करारनामा यांचा भेद उभा आहे.