असं का? : कारखान्यांची जाळरेषा

उन्हाळ्याआधी विसरवाडीकडच्या जंगलांत गवत काढून जाळरेषा आखतात. वणवा पेटलाच, तर त्या मोकळ्या पट्ट्यापाशी अडावा म्हणून. संगणकांनी जोडलेल्या कारखान्यांना आणि बंदरांनाही असा पट्टा लागतो.

तो का, हे जून २०१७ मध्ये न्हावा शेवा बंदरात दिसलं. ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि तिच्या समूहाचं इथलं टर्मिनल ठप्प झालं. क्रेन धडधाकट होत्या. पण कोणता कंटेनर कुठे, हे सांगणारे संगणकच बंद!

म्हणून कार्यालयाचं नेटवर्क आणि यंत्रांचं नेटवर्क वेगळं ठेवतात. मधली फायरवॉल ठरवून दिलेलेच संदेश सोडते. दुरुस्तीला बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी तपासला जातो.

शिवाय माहितीची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवतात. मर्स्कला तारलं ते घानातल्या एका सर्व्हरवर शाबूत राहिलेल्या प्रतीने. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो वाचला. शहाणा कारखाना मात्र वीज जाण्याची वाट पाहत नाही. ती प्रत तो मुद्दाम, रोजच्या रोज वेगळी काढतो.