मुलांपासून दूर राहणाऱ्या बापाचे दुखणे

बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांत 'फारकत झाली' यापेक्षा 'ती माहेरी बसली' हे वाक्य जास्त ऐकू येते. कोर्टाचा कागद नाही, बैठकीत काही ठरले नाही, मुले आईबरोबर आजोळी. २०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदले गेलेले लोक साडेतेरा लाखांच्या आसपास होते. घटस्फोट न घेता वेगळे राहणारे त्यांच्या जवळपास तिप्पट. या दुसऱ्या गटातल्या बापाला मूल कधी भेटणार, हे कुणीच ठरवून दिलेले नसते.

असा माणूस दवाखान्यात येतो तो झोप लागत नाही, छाती भरून येते, पित्त होते म्हणून. मन खचले आहे, असे तो सहसा बोलत नाही. पुरुषांमधले नैराश्य पुष्कळदा चिडचिड आणि दारू यांच्या आडून दिसते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात घटस्फोटित पुरुषांत आत्महत्येचा धोका विवाहित पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळला. स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. आपल्या देशात २०२२ मध्ये आत्महत्या केलेल्या शंभर जणांत सुमारे ७२ पुरुष होते आणि नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक समस्या सर्वांत पुढे, ३१.७ टक्के. आपल्या भागात मात्र शेतकरी खचला की कर्ज आणि नापिकी एवढेच विचारले जाते. मुले कुठे आहेत, हा प्रश्न राहूनच जातो.

मुलांच्या बाजूनेही पाहायला हवे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ६३ अभ्यास एकत्र करून तपासले. बाप किती वेळा भेटतो, याचा मुलांच्या भल्याशी संबंध अगदी थोडा निघाला. जवळीक, अभ्यासाची चौकशी, लाडाबरोबर शिस्त आणि नियमित पोटगी यांचा संबंध जास्त होता. म्हणजे महिन्यातून एकदा खेळण्यांची पिशवी घेऊन जाण्यापेक्षा ठरल्या वेळी रोज पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल मोलाचा. पुण्याला किंवा सुरतेला कामाला गेलेल्या बापालाही तो जमतो. लहान मुलाला महिनाभराचा हिशेब कळत नाही. त्याला थोडे पण वारंवार लागते.

भेटीनंतर मूल रडते, रात्री दचकते, पुढच्या वेळी जवळ यायला लाजते. 'त्याला फितवले' असा अर्थ बाप लगेच काढतो, आणि 'याच्यामुळे पोर बिघडते' असा आई. बहुतेक वेळा ते फक्त ताटातुटीचे रडणे असते. मुलाला 'आई काय म्हणते?' असे विचारून बातमीदार करणे दोघांनीही टाळावे. पोटगी दिली नाही म्हणून भेट बंद किंवा भेट नाही म्हणून पोटगी बंद, या अदलाबदलीत भरडले जाते ते मूलच. अर्थात जिथे मारहाण झाली आहे, तिथे आईची भीती खरी धरली पाहिजे आणि भेट तिऱ्हाइतासमोरच व्हावी.

भेटीचे दिवस लेखी ठरवण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून समेटाचा मार्ग खुला आहे. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी सुरू झालेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात बुलढाणा जिल्हा आहेच. त्यातल्या समुपदेशकाशी हा विषयही बोलता येतो. मरणाचे विचार येत असतील तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीतही.