🐈 गोठ्यातलं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका



आजचा सल्ला पिकाचा नाही, घरातल्या मांजराचा आहे. कारणही तसंच आहे.

परवा सकाळी आपल्या एका सभासदांचा फोन आला. आदल्या संध्याकाळी त्यांनी जनावरांना गोचिडाचं औषध मारलं. बादलीत थोडं उरलं, म्हणून त्याच फडक्याने मांजरही पुसून काढलं. घरात लेकरांच्या पायाला पिसवा चावत होत्या, त्यामुळे हेतू चांगलाच होता. रात्री मांजराच्या तोंडातून लाळ गळायला लागली, अंग थडथड उडायला लागलं. पहाटे मांजर गेलं.

"गाईला काही झालं नाही, मग मांजराला कसं झालं?" हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर सगळ्यांनाच माहीत असावं, म्हणून हा मेसेज.

*असं का होतं?*
डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन, फ्लुमेथ्रीन, परमेथ्रीन ही सगळी एकाच गटातली औषधं. गाय, म्हैस, कुत्रा यांच्या शरीरात ती मोडून बाहेर टाकली जातात. मांजराच्या यकृतात हे काम करणारी यंत्रणा फार कमजोर असते. औषध अंगात साचतं आणि मज्जातंतूंवर चढतं. त्यात मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, म्हणजे अंगावर लावलेलं थेट पोटात जातं. आणि वजन किती? गाय तीन-चारशे किलोची, मांजर तीन-चार किलोचं.

*मांजराला हे लावू नका*
❌ जनावरांचं गोचिडाचं औषध, कितीही पातळ केलं तरी. अमिट्राझही नाही.
❌ कुत्र्याची गोचीड पावडर किंवा कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब. यांत बऱ्याचदा परमेथ्रीन असतं.
❌ पिकावरचं कोणतंही कीटकनाशक. मांजराच्या थेंबांत फिप्रोनिल असतं हे खरं, पण म्हणून फवारणीचं फिप्रोनिल चालत नाही. दोन्हींची तीव्रता आणि त्यात मिसळलेले बाकीचे घटक वेगळे असतात.
❌ रॉकेल, फिनेल, कापूर घातलेलं खोबरेल, निंबोळी तेल. झाडपाल्याचं आहे म्हणजे मांजराला निर्धोक, असं नाही.
❌ आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वतःच्या अंदाजाने.

*पिसवा आहेत हे कसं ओळखायचं?*
बारीक दातांच्या फणीने (उवा काढायची चालते) पाठ आणि शेपटीच्या मुळाजवळ विंचरा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. लहान पिल्लांच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थांबू नका. पिसवा पिल्लाचं इतकं रक्त पितात की त्यातच पिल्लू दगावतं.

गोचीड मांजराला कमी लागतो, कारण ते चाटून काढून टाकतं. जिथे जीभ पोचत नाही तिथे बघा: कान, मान, हनुवटीखाली.

*मग उपाय काय?*
१) मांजरासाठीच असलेले मानेवर टाकायचे थेंब घ्या. पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन बघूनच घ्या. मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर टाका. ८ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना किंवा गाभण मांजरीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका.

२) लहान पिल्लांना फणीने विंचरा, फणी दरवेळी साबणाच्या पाण्यात बुडवा. दिवसातून दोनदा केलं तरी फरक पडतो, आणि खर्च काही नाही.

३) गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडा, सरळ वर ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. उदबत्तीचा चटका देऊ नका, रॉकेल लावू नका. बोटांनी चिरडू तर नकाच. ही सवय गोठ्यातही सोडा. काँगो ताप गोचिडातून माणसाला होऊ शकतो, आणि शेजारच्या गुजरातमध्ये २०११ साली तो आढळला आहे.

४) घर विसरू नका. अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या आणि कोष जमिनीत, फटीत आणि अंथरुणात असतात. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते. मांजर झोपतं ती पोती, गोधडी गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. कोपरे, माळा, लाकडांचा ढीग झाडून कचरा जाळा.

५) कोषातली पिसू आठवडेच्या आठवडे दबा धरून बसते. म्हणून थेंब एकदा टाकून भागत नाही. दर महिन्याला, निदान ३ महिने टाका. घरात कुत्रा असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी करा, पण कुत्र्याच्या औषधाने.

*चुकून औषध लागलंच तर*
लाळ, थरथर, तोल जाणं, झटके ही लक्षणं काही तासांत दिसतात. लक्षणांची वाट बघू नका. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने अंग लगेच धुवा. गरम पाणी नको. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, आधी दवाखाना. धुतल्यावर पुसून कोरडं करा, टॉवेलमध्ये गुंडाळा. दूध, तेल, मीठ-पाणी पाजू नका, उलटी करायला लावू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. यावर उतारा म्हणून एकच असं इंजेक्शन नाही, झटके आवरून मांजराला सांभाळावं लागतं, म्हणून वेळ महत्त्वाची. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री नंबर १९६२ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

गोठ्यात फवारणी कराल तेव्हा जनावरं आणि जमीन पूर्ण सुकेपर्यंत मांजराला खोलीत कोंडा. उरलेलं द्रावण बादलीत उघडं ठेवू नका.

मी पिकाचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नाही. औषधाचा डोस तुमच्या पशुवैद्यकांनाच विचारा. पण धान्याच्या पोत्यांची राखण करणारं मांजर आपल्याच हाताने जाऊ नये, एवढंच सांगायचं होतं.

हा मेसेज घरातल्या बायामाणसांना आणि पोरांनाही वाचून दाखवा. मांजराची काळजी बहुतेक तेच घेतात.

— आपला कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी