जागा नेमकी कोणी व्यापली?

संशोधन करणाऱ्याच्या घरात पूर्वी कपाटे भरत, आता हार्ड डिस्क भरते. कपाटात काय साठले आहे ते उघड्या डोळ्यांना दिसे. डिस्क भरली की पडद्यावर जागा अपुरी असल्याची एक ओळ उमटते आणि माणूस समोर दिसेल ते पुसू लागतो : जुनी टिपणे, पत्रांचे मसुदे, दहा वर्षांपूर्वीचे लेख. मी नियतकालिकांच्या जुन्या अंकांच्या प्रतिमा आणि जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे जमवतो. त्या गाणाऱ्या बायकांपैकी कित्येकजणी आता हयात नाहीत. त्यामुळे काहीही पुसण्याआधी जागा कोणी व्यापली हे शोधण्याची रीत मला शिकून घ्यावी लागली. संगणकाचे रीतसर शिक्षण नसलेल्यालाही ती जमते.

सुरुवात मापापासून करू. संगणकातली जागा बाइटमध्ये मोजतात. आजचा मजकूर बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला जातो. तीत साध्या रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘संशोधन’ या शब्दात स, अनुस्वार, श, ओकार, ध आणि न अशी सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. मराठी तिप्पट जागा खाते असे म्हणतात, ते या अर्थाने खरे आहे. तरीही तीनशे पानांच्या, सुमारे नव्वद हजार शब्दांच्या पुस्तकाचा मजकूर पावणेदोन एमबीच्या आसपासच भरतो.

आता एकाच पानाची रंगीत प्रतिमा घ्या. ए-फोर आकाराचे पान इंचाला ६०० ठिपके या घनतेने स्कॅन केले, तर आडवे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके पडतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. गुणाकार १० कोटी ४३ लाखांच्या वर जातो, म्हणजे सुमारे १०४ एमबी. आकुंचन न करता ठेवलेले हे एक पान साठ पुस्तकांच्या मजकुराइतकी जागा घेते. सीडीच्या दर्जाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ एमबी घेते. टिपणे पुसून डिस्क का रिकामी होत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

हा शोध संगणकाच्या इतिहासात जुना आहे. १९७१ साली युनिक्सच्या पहिल्याच आवृत्तीत ‘डीयू’ ही आज्ञा होती. कोणत्या फोल्डरने किती जागा घेतली याची ती यादी देते. लिनक्स आणि मॅकवर ती आजही चालते. पण यादी सातबाराच्या उताऱ्यासारखी असते. क्षेत्र कळते, शेत दिसत नाही. १९९० साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेतली ८० एमबीची डिस्क भरली. ती १४ जण मिळून वापरत, आणि कोणी किती जागा घेतली ते उमगत नव्हते. त्या अडचणीतून त्यांनी ‘ट्रीमॅप’ ही मांडणी काढली. पडद्यावरचा मोठा चौकोन म्हणजे सगळी डिस्क. बापाच्या वावराचे मुलांत उभे पट्टे पडावेत आणि प्रत्येक पट्ट्याचे नातवांत आडवे तुकडे व्हावेत, तशी त्याची वाटणी होत जाते. वाटणी समसमान मात्र नसते. फाइल जेवढी मोठी तेवढा तिचा तुकडा मोठा. वर हिशेब केलेले एक पान त्या १४ जणांच्या अख्ख्या डिस्कवर मावले नसते!

आज विंडोजवर ‘विनडिरस्टॅट’ हा विनामूल्य प्रोग्रॅम असाच नकाशा काढून देतो. मॅकवर ‘ग्रँडपर्स्पेक्टिव्ह’ तेच काम करतो. नकाशा वाचताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबीच दाखवते. ही चोरी नव्हे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या. दोन, कचरापेटीत टाकलेली फाइल पेटी रिकामी करेपर्यंत जागा अडवून असते. तीन, विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरला हात लावू नये. तिथे एकच फाइल दोन ठिकाणी नोंदलेली असू शकते, त्यामुळे मोजणी फुगते. तिथली सफाई विंडोजमधल्याच ‘डिस्क क्लीनअप’कडून करवून घ्यावी. चार, दोन फाइलींचे नाव आणि आकार सारखे असले म्हणून त्या एकच ठरत नाहीत. आतल्या मजकुरावरून काढलेला ‘हॅश’ हा आकडा ताडून पाहावा. तो फाइलीच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. दुबार प्रती अशा सापडल्या की डिस्क बरीच हलकी होते.

त्यानंतर उरते ती निवड. ध्वनिमुद्रण ‘फ्लॅक’ पद्धतीने आकुंचित केले तर मुळातला एकही बाइट हरवत नाही, आणि जागा बऱ्याचदा निम्म्यावर येते. ‘एमपी-थ्री’ त्याहून खूपच कमी जागा घेते. पण कानाला जाणवणार नाही असे गृहीत धरलेला भाग ती कायमचा टाकून देते. जात्याची घरघर, दोन ओव्यांमधला श्वास यांतले काय उद्याच्या अभ्यासकाला लागेल हे आज कोण सांगणार? म्हणून मूळ प्रत मी फ्लॅकमध्ये ठेवतो आणि ऐकण्यापुरती एमपी-थ्री.

ट्रीमॅप आकार सांगतो, मोल सांगत नाही. माझ्या नकाशात ध्वनिमुद्रणांचे तुकडे मोठे, रंगीत दिसतात. प्रत्येकाशेजारी मजकुराची एक फाइल आहे : गाणारीचे नाव, गाव, माहेर, तारीख. तिला चार केबीसुद्धा भरपूर होतात, त्यामुळे नकाशात ती दिसतही नाही. पण ती पुसली गेली तर सहाशे एमबीचा आवाज उरेल आणि तो कोणाचा हे सांगणारे कोणी उरणार नाही.