४१० उद्गारांची कथा

तरुण मनांतील क्षणिक उद्गार पूर्वीं मैत्रिणीच्या कानांत किंवा रोजनिशीच्या पानांत जिरून जात. ट्विटर या समाजमाध्यमावर ते जगापुढें येऊं लागले. परंतु अशा सुट्या उद्गारांतून कथा उभी राहील काय? नवपोल थम्रोंगरत्तनारित या थाई दिग्दर्शकानें ‘मेरी इज हॅपी, मेरी इज हॅपी’ या चित्रपटांत हा प्रयोग केला. २०१३ सालीं तो व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविण्यांत आला.

एका तरुणीनें ट्विटरवर लिहिलेलीं सलग ४१० टिपणें त्यानें घेतलीं. त्या काळीं एका टिपणास १४० अक्षरांची मर्यादा होती. टिपणांचा क्रम कायम ठेवून त्यांमधील रिकाम्या जागा त्यानें कल्पनेनें भरल्या. मेरी व सुरी या शाळेच्या अखेरच्या वर्षांतील मैत्रिणी. वर्षअखेरच्या स्मरणपुस्तकाचें काम त्यांच्याकडे असतें. मेरी एका मुलाच्या प्रेमांत पडते. टिपण पडद्यावर अक्षरांत उमटतें आणि त्याबरहुकूम प्रसंग घडतो. त्यामुळें कार्यकारणभाव सैल होतो. लहर येते, ओसरते. प्रथम हंसूं येतें. पुढें सुरीचा अकस्मात् मृत्यु होतो, तेव्हां तीच विसंगति जिव्हारीं लागते. कारण पुढील ओळ दुःखासाठीं थांबत नाहीं.

समाजमाध्यमावर लिहिलेला शब्द सर्वांस दिसतो, त्यामागचें मन दिसत नाहीं. त्या दोहोंमधील अंतर हाच या चित्रपटाचा खरा विषय होय. ‘मेरी आनंदांत आहे’ असें दोनदां सांगावें लागतें, तेव्हां ऐकणारानें शब्दांपलीकडे पाहावें, हें शीर्षकच सुचवितें.