छप्पर गेलं मागच्या अंगणात

चौथीतल्या मुलांपुढे काडेपेटी ठेवून चित्र काढायला सांगितलं की बऱ्याच वह्यांत तिची समोरची बाजू, दोन्ही कडा आणि वरचं लेबल एकाच पातळीत पसरलेलं दिसतं. पेटीला बाजू आहेत ना, मग त्या आल्याच पाहिजेत, असा मुलांचा रोखठोक हिशेब. मूल डोळ्यांना दिसतं ते नव्हे, तर ठाऊक असतं ते काढतं, असं फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ साली मांडलं होतं. आपल्या वारली चित्रातही तारपा नाचाचं रिंगण वरून पाहिलेलं आणि नाचणारे बाजूने पाहिलेले असतात. तिथे आपण कौतुक करतो, वहीत मात्र लाल रेघ ओढतो.

याच मुलांना संगणकावर टिंकरकॅड शिकताना पाहिलं. त्रिमितीय वस्तू घडवण्याचं, ब्राउझरमध्ये चालणारं, ऑटोडेस्क कंपनीचं हे मोफत सॉफ्टवेअर. एकीने लाल ठोकळा आणला, हिरवं छप्पर आणलं आणि माऊसने ते 'वर' सरकवलं.

"मॅडम, झालं घर!"

"फिरवू नकोस हं अजून. वरून कसं दिसेल, ते आधी वहीत काढ."

तिने एकच चौकोन काढला. मग कोपऱ्यातल्या छोट्या घनावर 'टॉप' दाबलं, तर पडद्यावर चौकोन दोन! लाल पुढे, हिरवा मागे. छप्पर घरावर चढलंच नव्हतं, घरामागे जमिनीवर बसलं होतं. तिरक्या नजरेने पाहताना पडद्यावरचं 'वर' म्हणजे 'मागे' असू शकतं. छप्पर खरंच उचलायचं तर त्याच्या डोक्यावरचा काळा बाण धरून ओढावा लागतो. ठोकळा २० मिलिमीटर उंच, म्हणून छप्परही तेवढंच वर. हे तिने कुणी न सांगता ताडलं.

मला यात संगणकापेक्षा तो वहीतला चौकोन मोलाचा वाटतो. माऊस फिरवला की वस्तू आपोआप फिरते, डोक्याला काही करावंच लागत नाही. आधी अंदाज कागदावर उतरला म्हणून चूक तिची तिला सापडली. नाहीतर छप्पर इकडे-तिकडे ढकलत तासच संपला असता, आणि संगणक कक्षांत बहुतेक वेळा तेच चालतं.

तेव्हा शिक्षकांनो, पालकांनो, लॅपटॉप उघडण्याआधी साबणाची वडी समोर ठेवा. समोरून, बाजूने, वरून अशी तीन चित्रं काढून घ्या. आणि ती 'सुधारून' देऊ नका.